क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल: सख्ख्या भावांचं एवढं का बिनसलं?

सायली_सातारा

नमस्कार. आठवडाभर डोक्यात घोळतंय, म्हणून विचारते.

बाबांकडे इंग्रजी गाण्यांच्या मोजून चार कॅसेट होत्या. त्यातली एक क्रीडन्सची, म्हणजे क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल या अमेरिकन रॉक बँडची. आमच्याकडे श्रावणात उन्हात सर आली की बाबा गॅलरीत जाऊन 'हॅव यू एव्हर सीन द रेन' म्हणायचे आणि आजी आतून म्हणायची, "कोल्ह्याचं लग्न लागलं बाई!" माझ्या लेखी ते गाणं म्हणजे साताऱ्याचा पाऊस.

आता कळलं की ते पावसाचं नाहीच. जॉन फोगर्टीने स्वतः सांगितलंय की ते त्याच्या बँडवर आहे. नाव, पैसा, सगळं ऊन लखलखीत पडलेलं आणि आत मात्र चौघांचं पटेनासं झालेलं. १९७१ च्या सुरुवातीला हे गाणं रेडिओवर वाजत होतं आणि त्याच सुमारास त्याचा सख्खा मोठा भाऊ टॉम बँड सोडून गेला. पुढे वाचत गेले आणि वाईट वाटत गेलं. १९७२ मध्ये बँडच संपला. १९९० मध्ये टॉम गेला, तोवर दोघांमधलं काही मिटलं नव्हतं.

मला दोन गोष्टी समजत नाहीत. गाणी जॉन लिहायचा, गायचा तोच, चाली, मांडणी, निर्मितीही त्याचीच. मग निर्णयही त्यानेच घेतले तर बाकीच्यांना एवढं का लागावं? आणि दुसरं, लहानपणापासून एकत्र वाजवणारी चार माणसं. एकदा बसून बोलता आलं नसतं का? इथे बँडमध्ये, ऑर्केस्ट्रात वाजवलेली मंडळी आहेत, म्हणून तुम्हाला विचारते.


नाद_कोल्हापुरी

एका शब्दात सांगतो: करार.

१९६४ मध्ये ही पोरं फॅन्टसी रेकॉर्ड्सकडे गेली. सॅन फ्रान्सिस्कोची जॅझवाली छोटी कंपनी. कंपनीने त्यांना न विचारता बँडचं नाव 'गॉलीवॉग्ज' करून टाकलं, तिथेच ओळखायला हवं होतं. १९६७ मध्ये सॉल झेंट्सने कंपनी घेतली, नवं नाव ठरलं, नवा करार झाला आणि गाण्यांचे प्रकाशनहक्क कंपनीकडे गेले. मिळालेला पैसा कर वाचवायला बहामातल्या एका बँकेत ठेवला, तोही बुडाला. त्या करारातून सुटायचं म्हणून जॉनने १९८० च्या सुमारास क्रीडन्सच्या गाण्यांवरच्या रॉयल्टीवर पाणी सोडलं. स्वतःच्या गाण्यांवर! १९८५ मध्ये त्याचा 'सेंटरफील्ड' अल्बम गाजला, तर कंपनीने दावा ठोकला की यातलं एक गाणं तुझ्याच जुन्या गाण्यासारखं आहे, आणि जुनं गाणं आमच्या मालकीचं आहे. १९८८ मध्ये गडी गिटार घेऊन साक्षीच्या पिंजऱ्यात बसला आणि दोन्ही गाणी कशी सुचतात ते वाजवून दाखवलं. ज्युरीने त्याच्या बाजूने कौल दिला. वकिलांचा खर्च कोणी द्यायचा यावर ते प्रकरण पार अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात गेलं, १९९४ मध्ये. रॉयल्टी परत सुरू झाली ती २००४ मध्ये कंपनी दुसऱ्याने विकत घेतल्यावर, आणि हक्कांचा मोठा वाटा हातात आला २०२३ मध्ये. वय वर्षं ७७.

अशा चरकात घातल्यावर कोणते भाऊ एकत्र राहतील?


मिरजेचा_रिदमवाला

नाद, तुम्ही लिहिलेलं सगळं खरं आहे, फक्त क्रम बघा. टॉम १९७१ च्या सुरुवातीला बाहेर पडला. तुम्ही सांगताय त्या कोर्टकचेऱ्या त्यानंतरच्या. भिंतीला भेग आधी गेली होती, कराराचं पाणी त्यात मागून शिरलं.

सायली, मी १९८४ ते १९९१ सात वर्षं ऑर्केस्ट्रात रिदम गिटार वाजवली आहे. आमचाच ऑर्केस्ट्रा, आम्ही दोघा भावांनी काढलेला. मी थोरला. गायचा आणि सगळं बसवायचा तो धाकटा. त्यामुळे ही गोष्ट मी टॉमच्या जागेवरून वाचतो, आणि ती तशी कोणी सांगत नाही म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सगळे सुरुवात १९६८ पासून करतात. खरी सुरुवात १९५९ ची. कॅलिफोर्नियात बर्कलीजवळ एल सेरिटो नावाचं गाव आहे. तिथल्या शाळेत जॉन, स्टू कुक आणि डग क्लिफर्ड ही चौदा वर्षांची पोरं वाजवायला लागली. गाणारं कोणी नव्हतं, नुसतं वाद्यांचं त्रिकूट. टॉम जॉनपेक्षा साडेतीन वर्षांनी मोठा. तो आधीपासून दुसऱ्या बँडमध्ये गात होता. त्याला रेकॉर्ड करायची होती, तेव्हा त्याने साथीला या पोरांना घेतलं. १९६१ मध्ये त्यांची तबकडी निघाली. तिच्यावर नाव काय होतं? 'टॉमी फोगर्टी अँड द ब्लू व्हेल्व्हेट्स'. आणि ती काढणाऱ्या कंपनीचं नाव होतं 'ऑर्केस्ट्रा'. हे वाचलं तेव्हा मी थोडा वेळ पुस्तक मिटून बसलो होतो.

म्हणजे बँड टॉमचा होता. गायक टॉम होता. मग फॅन्टसीच्या दिवसांत हळूहळू जॉनचा आवाज फुटला. तो खरखरीत, छातीतून ओरडून येणारा, दक्षिणेकडच्या दलदलीत वाढल्यासारखा आवाज. (लुईझियाना त्याने तेव्हा पाहिलंही नव्हतं, ती सगळी दलदल त्याच्या डोक्यात होती.) टॉमला ते ऐकू आलं. त्याने पुढे मोकळेपणाने मान्यही केलं की आपण गाऊ शकत होतो, पण जॉनच्या आवाजात जे होतं ते आपल्यात नव्हतं. आणि तो बाजूला झाला. कोणी त्याला हाकललं नाही. थोरल्या भावाने स्वतः माईक धाकट्याच्या हातात दिला आणि तो रिदम गिटार घेऊन मागे उभा राहिला.

हे करणं किती अवघड असतं ते मला माहीत आहे. आमचा धाकटा अकरावीत असताना एकदा तालमीत माझं गाणं त्याने सहज म्हणून गायलं. ढोलकीवाल्याने हात थांबवून आधी त्याच्याकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. त्या रात्री मी आईला सांगितलं, उद्यापासून तो गाईल. वाईट वाटलं, पण अभिमानही वाटला. दोन्ही एकदम वाटतात.

आता रिदम गिटार म्हणजे काय, ते न वाजवणाऱ्यांसाठी. लीडवाल्याचं, म्हणजे मुख्य गिटारवाल्याचं, गाणं लोक गुणगुणत घरी जातात. रिदमवाल्याचं काम म्हणजे उजवं मनगट. तीन-चार कॉर्ड, आणि मनगट घड्याळासारखं खालीवर. वेग तसूभर वाढला तर ड्रमर ओढला जातो, कमी झाला तर गायकाचा श्वास चुकतो. 'सुझी क्यू' त्यांच्या पहिल्या अल्बमवर साडेआठ मिनिटांचं आहे. जॉनची गिटार त्यात पाहिजे तिकडे भटकून येते, कारण खाली टॉम हललेला नाही. चोख वाजवलं तर कोणाच्या लक्षात येत नाही, असं ते काम आहे. म्हणून त्या माणसाला अधूनमधून विचारावं लागतं. नुसतं विचारावं लागतं हो, त्याचं ऐकावंच असं नाही.

जॉनने विचारणं बंद केलं. माझ्या मते सगळं मूळ इथे आहे.

'प्राउड मेरी'चं उदाहरण घ्या. १९६८ चा ऑक्टोबर, हॉलिवूडचा स्टुडिओ. मागचा कोरस बाकी तिघांना गायचा होता, तो जॉनच्या मनासारखा जमेना. त्याने त्यांचे आवाज काढून सगळे कोरस एकट्याने एकावर एक गाऊन भरले. यावरून जोरात भांडण झालं. गाणं अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं आणि आज जगभर गातात, म्हणजे जॉनचा कान बरोबर होता. मी ते शंभर वेळा ऐकलंय, तो कोरस तसाच हवा. पण जरा टॉमच्या जागी उभं राहून बघा. ज्याने तुला गायला जागा करून दिली, त्याचा आवाज आता मागच्या 'रोलिन्, रोलिन्'ला सुद्धा नको?

पुढे ते वाढत गेलं. मुख्य गायन जॉनचं, गाणी जॉनची, मांडणी त्याची, निर्माता तो, आणि व्यवस्थापकही तोच. वन्स मोअर द्यायचा नाही, हेही त्यानेच ठरवलं. कार्यक्रम संपला की संपला, पब्लिक कितीही ओरडू दे. बाकीचे तिघे पडद्यामागे त्या टाळ्या ऐकत उभे राहायचे. स्टेजवर वाजवलेल्या माणसाला विचारा, वन्स मोअर नाकारणं म्हणजे काय. दिवसभर टेम्पोत हाडं खिळखिळी करून घेतलेल्या माणसाची खरी बिदागी तीच असते.

वूडस्टॉकचं बघा. त्या महोत्सवाला होकार देणारं पहिलं मोठं नाव क्रीडन्सचं. प्रत्यक्षात ग्रेटफुल डेड या बँडचं वाजवणं लांबलं आणि यांना मध्यरात्र उलटून गेल्यावर स्टेज मिळालं. समोर चिखलात झोपलेले लोक. जॉनला आपलं वाजवणं पसंत पडलं नाही, त्याने महोत्सवाच्या सिनेमात आणि रेकॉर्डवर ते येऊ दिलं नाही. स्टू आणि डग म्हणत राहिले की आपण चांगलं वाजवलं होतं. तो कार्यक्रम अख्खा बाहेर आला २०१९ मध्ये, पन्नास वर्षांनी. मी ऐकला. फार चांगला आहे. टॉमला तो लोकांनी ऐकलेला बघायला मिळाला नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

सहा अल्बम झाले १९६८ ते १९७० मध्ये. सहांत मिळून टॉमने मुख्य आवाजात गायलेलं एकही गाणं नाही. पहिल्या अल्बमवर एका गाण्याला जॉनबरोबर त्याचंही नाव लागलं, तेवढंच. तो काही अर्धी वाटणी मागत नव्हता.

आणि आता माझं. १९९० चा गणेशोत्सव, तासगावजवळच्या एका गावात सुपारी. धाकट्याने नवा मिक्सर आणला होता, प्रत्येक फेडरखाली (आवाज कमी-जास्त करायची सरकती कळ) चिकटपट्टीवर नाव लिहिलेलं: ढोलक, ऑक्टोपॅड, की-बोर्ड, आणि माझ्या फेडरखाली 'दादा'. साडेतीन तास कार्यक्रम झाला. मनगट सुजलं. सामान आवरताना वायर काढायला मिक्सरपाशी गेलो तर माझा फेडर पार खाली. शून्यावर. बाकी सगळ्यांचे वर, जिथल्या तिथे. म्हणजे साडेतीन तास मी वाजवलेलं एक अक्षर बाहेर गेलं नव्हतं. चुकून खाली आला असेल, किंवा माझ्या गिटारचा तेव्हा आवाज खरखरत होता म्हणून मुद्दाम केला असेल. कारण काहीही असो. त्याने मला सांगितलं नाही, आणि मी त्याला विचारलं नाही. पुढच्या मार्चमध्ये मी 'आता नोकरी झेपत नाही रात्रीच्या जागरणाबरोबर' असं सांगून बाहेर पडलो.

टॉमनेही कुटुंबाला वेळ द्यायचाय, स्वतःचं संगीत करायचंय, असं काहीतरी सांगितलं असणारच. तेही खरं असतं. पण तेवढंच नसतं.


स्वरलिपी_पार्ले

दादा, तुमचं वाचून गलबललं. तरी मला जॉनची बाजू मांडू दे, कारण मी गाणी बसवते आणि दर वेळी 'हुकूमशहा' हा शब्द ऐकते.

एकट्या १९६९ मध्ये या बँडचे तीन अल्बम आले. तीन! १९७० चा 'कॉस्मोज फॅक्टरी' अमेरिकेत नऊ आठवडे पहिला होता. त्या नावाची गोष्टच सांगते: कॉस्मो म्हणजे डग क्लिफर्ड. जॉन त्यांना बर्कलीतल्या तालमीच्या गोदामात रोजच्या रोज एवढं घासायला लावायचा की डगने त्या जागेला 'फॅक्टरी' नाव दिलं. म्हणून तर त्यांचं एकही वाद्य कुठे सैल वाजत नाही. त्या काळात शेजारचे सॅन फ्रान्सिस्कोवाले बँड एकेक गाणं अर्धा तास भरकटवत होते, आणि हे अडीच मिनिटांत काम फत्ते करून मोकळे. ती शिस्त मतं घेऊन येत नाही. कोणीतरी एकाला रात्री जागून ठरवावंच लागतं, आणि चुकलं तर शिव्याही त्यालाच.

आणि बाकीच्यांना संधी दिली तेव्हा काय झालं? १९७२ चा 'मार्डी ग्रास' ऐका. टॉम गेल्यावर उरलेल्या तिघांनी सारखी वाटणी केली. स्टूने आपली गाणी गायली, डगने आपली. रोलिंग स्टोन मासिकाने त्या अल्बमची सालटी काढली आणि सहा महिन्यांत बँड संपला. पाच सिंगल (सुट्या गाण्यांच्या तबकड्या) दुसऱ्या क्रमांकावर नेणारा बँड! (अमेरिकेत पहिला क्रमांक त्यांच्या सिंगलला एकदाही मिळाला नाही, हा अन्याय मला आजही पटत नाही.) सांगा, जॉन चुकीचा होता का?


मिरजेचा_रिदमवाला

स्वरलिपीताई, कानाच्या बाबतीत जॉन चुकला असं मी म्हणतच नाही. तुमचं तीन अल्बमांचं म्हणणं शंभर टक्के मान्य. मला 'मार्डी ग्रास'बद्दल मात्र वेगळं दिसतं.

ती सारखी वाटणी कशी झाली, यावर दोन्ही बाजू आजवर वेगळं सांगतात. जॉन म्हणतो, त्यांनीच मागितली. स्टू म्हणतो, आम्हाला एवढं नको होतं, जॉननेच बजावलं की तुमची गाणी तुम्ही लिहा, तुम्ही गा, मी तुमच्या गाण्यांत आवाज लावणार नाही. खरं काय ते त्यांनाच ठाऊक. अल्बम ऐकताना मात्र एक गोष्ट कळते: स्टू आणि डगच्या गाण्यांत जॉन मनाने नाही. गिटार आहे, पण नुसती हजेरी लावल्यासारखी. जो माणूस 'प्राउड मेरी'चा कोरस एकट्याने पुन्हा पुन्हा गाऊन घासून घेतो, त्याने मनात आणलं असतं तर डगचं एखादं गाणं सुधारलं नसतं? ते सोडून दिलेलं आहे. 'बघा, तुम्हाला हवं होतं ना' असं. आमच्याकडे लग्नघरात स्वयंपाकावरून रुसलेली मोठी जाऊ दुसरीला 'कर तूच आज सगळं' म्हणते आणि ओट्याला टेकून उभी राहते, तसं. मीठ कमी पडतंय हे तिला दिसत असतं.

मधली पायरी होती आणि ती त्यांनी चाचपूनही पाहिली. १९७० च्या डिसेंबरमध्ये 'पेंड्युलम' यायच्या वेळी पत्रकारांना बोलावून मोठी पार्टी दिली, आता चौघंही बोलणार, चौघांचा बँड आहे, असं दाखवायला. पण त्या अल्बमवरचं प्रत्येक गाणं जॉनचं. पत्रकारांसमोर तोंड उघडायला मिळालं, माईकसमोर नाही. दोन महिन्यांच्या आत टॉम गेला.

एका अल्बमवर एक गाणं टॉमचं, आणि त्या गाण्यावर जॉनची नेहमीसारखी निर्दय मेहनत. एवढं पुरलं असतं असं मला वाटतं. बीटल्सच्या रेकॉर्डवर त्यांच्या ड्रमरला, रिंगोला, बहुतेक वेळा एक गाणं मिळायचं, त्याने काही बिघडलं नाही.


सायली_सातारा

दादा, फेडरचं वाचून मी बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

एकच विचारते. टॉम आणि जॉन नंतर कधीच भेटले नाहीत का?


मिरजेचा_रिदमवाला

भेटले. हेच तर चटका लावणारं आहे.

१९७४ मध्ये टॉमचा स्वतःचा एक अल्बम आला. त्यातल्या एका गाण्यात चौघंही आहेत. पण जॉनने आपला भाग वेगळा रेकॉर्ड करून दिला, बाकीच्यांच्या बरोबर बसून नाही. मग १९८० च्या ऑक्टोबरमध्ये टॉमचं लग्न होतं. त्या दिवशी चौघांनी एकत्र वाजवलं. लग्नाच्या मांडवात, स्वतःच्या माणसांपुढे, नोटीस नाही, कंपनी नाही. १९८३ मध्ये शाळेच्या स्नेहसंमेलनात जॉन, स्टू आणि डगनेही जुन्या ब्लू व्हेल्व्हेट्सच्या नावाने वाजवलं. म्हणजे हात विसरले नव्हते.

मग नाद म्हणतात तो करार खऱ्या अर्थाने मध्ये आला. जॉनच्या लेखी झेंट्स म्हणजे आपलं सगळं लुबाडणारा माणूस. टॉम मात्र फॅन्टसीकडेच राहिला होता, त्याचे अल्बम तिथूनच यायचे, आणि झेंट्सला तो आपला जवळचा मित्र म्हणायचा. हे जॉनला गिळता आलं नाही. मला दोघांचंही कळतं. ज्याच्या गाण्यांचे हक्क गेले त्याने सख्ख्या भावाकडून काय अपेक्षा करावी? आणि ज्याला बँडमध्ये कोणी विचारत नव्हतं, त्याला ज्या माणसाने विचारलं त्याचा हात त्याने कसा सोडावा?

जॉनचं दुखणं एवढं खोल होतं की त्याने क्रीडन्सची गाणी स्टेजवर गायचीच सोडली. वर्षानुवर्षं. १९८७ मध्ये लॉस एंजेलिसकडच्या एका क्लबात बॉब डिलन आणि जॉर्ज हॅरिसन त्याच्यासोबत स्टेजवर होते. डिलन त्याला म्हणाला, तू 'प्राउड मेरी' गायली नाहीस तर लोकांना ते टिना टर्नरचंच गाणं वाटेल. तेव्हा कुठे तो गायला. त्याच वर्षी ४ जुलैला व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांच्या कार्यक्रमात त्याने ती गाणी पुन्हा रीतसर काढली.

टॉमला पाठीच्या शस्त्रक्रियेच्या वेळी दिलेल्या रक्तातून एचआयव्ही झाला. १९९० च्या ६ सप्टेंबरला ॲरिझोनात तो गेला. ४८ वर्षांचा होता. जॉन त्याला शेवटच्या दिवसांत भेटला, पण मनातली गाठ सुटली नाही.

१९९३ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये बँडचा समावेश झाला. टॉमची पत्नी त्याच्या अस्थी घेऊन आली होती. स्टू आणि डग वाजवायच्या तयारीने आले होते. जॉनने त्यांच्याबरोबर वाजवायला नकार दिला आणि ब्रूस स्प्रिंगस्टीन आणि रॉबी रॉबर्टसन यांना घेऊन क्रीडन्सची गाणी गायली. शाळेपासूनचे दोन सोबती खाली, आणि थोरला भाऊ कलशात. ती चित्रफीत मी एकदा पाहिली. जॉन अप्रतिम गातो त्यात. पुन्हा लावायची माझी हिंमत झाली नाही.

बाबांना सांगा, 'हॅव यू एव्हर सीन द रेन' हेडफोन लावून ऐका. जॉनकडे लक्ष देऊ नका, मुद्दाम त्याचा आवाज सोडून खाली चाललेली रिदम पकडा. टॉमने क्रीडन्ससाठी वाजवलेल्या अगदी शेवटच्या गाण्यांतलं ते आहे. आपण चाललोय हे त्याला बहुतेक माहीत होतं. मनगट कुठेही हललेलं नाही.


नाद_कोल्हापुरी

दादा, क्रमाचं मान्य. आणि तुमचं काय? धाकट्याशी बोलणं आहे का?


मिरजेचा_रिदमवाला

आहे की. तो नाशिकला असतो, दर रविवारी फोन असतो. आई गेली तेव्हा दोघांनी मिळून सगळं केलं. मुलांची लग्नं झाली, एकमेकांच्या घरी राहून आलो. गाण्याचा विषय निघत नाही.

'दादा' लिहिलेली ती चिकटपट्टी मी त्या रात्री मिक्सरवरून काढून घेतली होती. गिटारच्या पेटीच्या झाकणाला आतून लावली आहे. डिंक कधीच वाळला, वरून दुसरी पट्टी मारली आहे. हे त्याला माहीत नाही. म्हणजे कालपर्यंत नव्हतं. काल रात्री या धाग्याची लिंक मी त्याला व्हॉट्सॲपवर पाठवली. सोबत काही लिहिलं नाही.

सकाळी सहाला दोन निळ्या खुणा आल्या आहेत. आज शनिवार आहे.